चौथी पट्टी

चांदवडला हायवे सोडून डोंगराकडे वळलं, की कांद्याच्या चाळींची रांग लागते. रांगेच्या शेवटी एक पत्र्याची शेड आहे. लांबून पाहणाऱ्याला तीही चाळच वाटावी. पण जवळ गेलं की कांद्याचा उग्र वास मागे पडतो आणि तापलेल्या ओल्या लाकडाचा वास येतो. तो एकदा नाकात बसला की माणूस दारातच थबकतो. ही बद्रुद्दीन मिस्त्रींची शेड. इथं गिटारी होतात.

गावाला हे अजून खरं वाटत नाही. खाट, दिवाण, दाराची चौकट, फार तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी, एवढंच मिस्त्रीनं करावं अशी गावाची समजूत. बद्रुद्दीन कुणाची समजूत काढायला जात नाहीत. एकसष्ट वर्षांचं वय, अंगानं सडपातळ, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा, आणि बोटं अशी की लाकडावरून फिरली तर आतल्या तंतूचा रेषा कुठं वळतो ते डोळ्यांआधी त्यांना कळतं.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून ते घरी आले ते जेवले नाहीत. टोपी खुंटीला अडकवली आणि तडक शेडमध्ये शिरले. जहिदाबींनी ताटावर ताट झाकलं आणि दारातून आवाज दिला.

"अहो, पोटात काही नाही आणि हातात पटाशी. कापाल बोट एखादं."

"आज बोट कापलं तरी चालेल," ते आतून म्हणाले. "पट्टी नको कापायला."

पट्टी म्हणजे गिटारीच्या कडेची पट्टी. गिटारीच्या धडाची वरची फळी आणि बाजूची फळी जिथं भेटतात तिथं लाकडाचा उघडा काठ राहतो. त्या काठाला दोन एमएमची खाच पाडायची आणि खाचेत दुसऱ्या लाकडाची बारीक लांब पट्टी वाकवून बसवायची. येवल्याच्या लुगड्याला काठ असतो, तसा हा गिटारीचा काठ. धक्का लागला तर तो पट्टीनं सोसायचा आणि हवेची ओल आत शिरू द्यायची नाही. कारखान्यातल्या गिटारीला बहुतेक प्लास्टिकची पट्टी असते. प्लास्टिक मऊ, कसंही वाकतं, चूक झाली तर पोटात घालतं. लाकूड चूक पोटात घालत नाही. पट्टी आणि खाच यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी ती जन्मभर दिसत राहते.

एका गिटारीला चार पट्ट्या लागतात, दोन पुढच्या फळीला आणि दोन पाठीला. तीन बसल्या होत्या. चौथी टेबलावर पडून होती. ती मोडली असती तर तिच्या जागी बसायला पाचवी पट्टी या जगात नव्हती.

याचं कारण समजायला थोडं मागं जावं लागेल.

बद्रुद्दीन अठ्ठावीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. तो नमुना वाळूत दाबून साचा करायचा सोमा. सोमा पेठकडचा, डोंगरातला. एकानं लाकूड घडवायचं, दुसऱ्यानं ते वाळूत उमटवायचं, मग त्यात लालभडक लोखंड ओतलं जायचं. दोघं डबा एकत्र खायचे. सोमाच्या नागलीच्या भाकरीवर बद्रुद्दीनचा डोळा असायचा आणि जहिदाबींच्या आंब्याच्या लोणच्यावर सोमाचा.

त्या कारखान्यात एक रीत होती. नमुना तयार झाला की तपासनीस तो तपासायचा. तो "पास" म्हणाला तरच कारागिरानं लाकडावर आपल्या नंबराचा ठोकळा हाणायचा. त्याआधी नंबर मारणं म्हणजे बेशरमपणा. बद्रुद्दीनचा नंबर सतरा. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातचं काम सतरा नंबरानं देशभर गेलं, नावानं कधी गेलं नाही. पुढं नमुने कॉम्प्युटरवर निघायला लागले आणि पॅटर्न शॉपला कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय पाहिजे. सतरा नंबराचा ठोकळा खिशात होताच; बद्रुद्दीननी एकच वस्तू मागून घेतली, त्यांचं दोन फुटी पोलादी स्केल.

गिटार त्यांच्या हाती आली ती फुटलेली. नाशिकच्या एका दुकानदारानं दुरुस्तीला पाठवली होती. त्यांनी तिची पाठ उघडली, आतले ठोकळे पाहिले, फासळ्या पाहिल्या, आणि तिथंच मांडी घालून बसले. जहिदाबी सांगतात की तो माणूस दोन तास उठला नाही. त्यानंतर सहा वर्षांत त्यांनी चार गिटारी केल्या. चारही घरात आहेत. एकीच्याही आत नाव नाही.

"नाव कधी लिहिणार?" जहिदाबी विचारायच्या.

"पास झाली की."

"तपासणार कोण? तुमचा तपासनीस तर केव्हाच रिटायर झाला."

मग तृप्तीताई आल्या. नाशिकच्या एका शाळेत मुलांना गिटार शिकवणारी, तिशीची, बोलायला फटकळ बाई. चौथी गिटार तिनं मांडीवर घेतली, वाजवली, मग कडेवरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

"चाचा, आवाज फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण ही कड मला झोपू देणार नाही. लाकडाची कड असलेली एक करा माझ्यासाठी. कडेला नख अडकलं नाही, तर मी तीच घेऊन स्टेजवर बसेन आणि कुणाची गिटार ते सांगेन."

त्याच महिन्यात सोमा पेठेहून एसटीनं आला. खांद्यावर चिंध्यांत गुंडाळलेलं, माणसाच्या उंचीचं काहीतरी.

"मिस्तरी, घरकुल झालं. जुनं दार काढलं. ही चौकटीची बाही हाय, शिसवाची, आज्याच्या हातची. चुलीत घालाया जीव होत नाय. तुमी कायतरी करा हिचं."

वरून काळंभोर दिसणारं ते लाकूड कापल्यावर आतून जांभळं निघालं आणि त्यात मधाच्या रंगाच्या रेघा. पण निम्म्याहून अधिक भाग किड्यानं पोखरलेला. बद्रुद्दीननी जपून जपून चिरलं. चार पट्ट्या निघाल्या. बाकीचा भुगा झाला.

म्हणून पाचवी नव्हती. आणि चौथी मोडली असती तर तीन पट्ट्या कोरून काढाव्या लागल्या असत्या. त्या निघताना वरच्या देवदाराच्या फळीचा काठ उचकटून आला असता, म्हणजे धडच वाया. त्यांना ते माहीत होतं. म्हणून तर घास उतरत नव्हता.

तृप्तीताई चारला येणार होत्या. आल्या तीनला.

"लवकर आले, रागावू नका," तिनं चपला दारात काढल्या. "आमच्या स्टाफरूममध्ये काय चाललंय माहितीये? म्हणतात, चांदवडचा मिस्त्री गिटार करतोय, मग कांद्याची चाळ कोण बांधतंय?"

"चाळ बांधणंही सोपं नाही," बद्रुद्दीन म्हणाले. "हवा खेळती नसली तर कांदा सडतो. बसा. शेवटची पट्टी तुमच्यासमोर बसवतो."

आधीच्या तिन्ही पट्ट्या त्यांनी गोंद लावण्याआधी कोरड्या बसवून पाहिल्या होत्या. गॅसवर तापवलेल्या लोखंडी नळीवर वाकवायची, खाचेत धरायची, कुठं टेकत नाही ते पाहायचं, पुन्हा नळीवर न्यायची. एकेका पट्टीला दोन दोन दिवस गेले होते. चौथी त्यांनी त्या सकाळीच वाकवली होती आणि ती अजून खाचेला लागलीही नव्हती. पण समोर माणूस बसला होता, स्टाफरूमची थट्टा कानात होती, आणि वहीत सगळी मापं लिहिलेली होती. तीन बसल्या, चौथी कुठं जाते, असं त्यांच्या मनात आलं. अठ्ठावीस वर्षांत सतरा नंबराचं माप चुकलं नव्हतं.

त्यांनी खाचेत ब्रशनं गोंद फिरवला. हा गोंद पाच-सात मिनिटं दम धरतो, मग कुणाचं ऐकत नाही. धडाच्या बुडाशी, मधल्या रेघेवर, जिथं तिसऱ्या पट्टीचं टोक संपत होतं, तिथं चौथीचं टोक टेकवलं आणि वरून सुती फीत गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दाब, दुसरा वेढा, दाब. पट्टी सापासारखी खाचेत शिरत होती. बुडाचा मोठा फुगवटा गेला. तृप्तीताई पुढं झुकून पाहत होत्या.

"वा!" त्या पुटपुटल्या.

मग कंबर आली. गिटारीची कंबर म्हणजे जिथं ती आत वळते ती जागा, आणि पट्टीची खरी परीक्षा तिथंच असते.

पट्टी कंबरेत गेली नाही.

खाच आत वळत होती आणि पट्टी अजून सरळच चालली होती. तिचं वळण पुढं, भलत्याच जागी होतं. मध्ये फट. आगकाडी घातली तर शिरली असती एवढी. बद्रुद्दीननी अंगठ्यानं दाबलं. बसेना. थोडं अजून दाबलं.

टिक.

बारीकसा आवाज. उन्हात शेंग तडकते तेवढा. पण त्या शेडमध्ये तो पत्र्यावर दगड पडल्यासारखा वाजला. पट्टीच्या बाहेरच्या अंगावर लाकडाचा एक रेषा उभा राहिला होता, पापणीच्या केसासारखा.

"चाचा..."

"बोलू नका."

त्यांनी अंगठा उचलला. कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. गुंडाळलेली फीत ते उलटी सोडू लागले. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. घाई केली तर पट्टी तिथंच मोडणार, उशीर केला तर गोंद धरणार. बुडाशी गोंदानं पकड घेतली होतीच. त्यांनी पातळ पाती खाली सरकवली, श्वास धरला, आणि पट्टी हळूच उचलली. ती आली. अख्खी आली.

ओल्या फडक्यानं त्यांनी खाच पुसली, पट्टी पुसली, पुन्हा खाच पुसली. मग टेबलाला टेकून उभे राहिले.

"आता?" तृप्तीताईंनी विचारलं.

"आता पुन्हा वाकवायची. कंबर मागं घ्यायची."

"मोडेल?"

एकदा भाजलेलं शिसव दुसऱ्यांदा भाजायचं, तेही उभ्या राहिलेल्या रेष्याच्या शेजारीच, याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. दहातल्या आठ वेळा ते मोडतं. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. त्यांनी नळीखालचा गॅस पेटवला. लोखंडी नळी तापू लागली. त्यांनी पाण्याचा थेंब टाकला, तो नुसताच पसरला. पुन्हा टाकला, तो नाचला. नळी तयार झाली. पट्टी ओली करून त्यांनी दोन्ही हातांत धरली.

सोमाच्या आज्यानं हे झाड कधी तोडलं असेल, कुणास ठाऊक. त्या दारातून किती बाळंतिणी आत गेल्या, किती म्हातारे खांद्यावर बाहेर आले. आणि आता ते सगळं दोन एमएम जाडीचं होऊन एका गरम नळीपुढं थांबलं होतं.

गॅसचा आवाज ऐकून जहिदाबी आत आल्या. आधी त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग पट्टी, मग तृप्तीताईंचा पांढरा पडलेला चेहरा.

"काय झालं?"

"कंबर चुकली."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती चुकली ते मोजलं का? कुर्त्याची बाही उसवायची तरी आधी मी मोजते. तुम्ही थेट जाळायलाच निघालात."

"मोजू कशानं? माझी टेप चार दिवस झाले गायब आहे."

जहिदाबी ओढणी सावरत घरात गेल्या आणि शिलाई मशीनच्या खणातून पोलादी टेप घेऊन आल्या.

"शेजारच्या अफिफाचे पडदे मापायला नेली होती," त्या दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "ठेवायची राहिली."

दुसरा दिवस असता तर बद्रुद्दीन बोलले असते. त्या दिवशी त्यांनी टेप हिसकावली, गॅस बारीक केला आणि पट्टीच्या टोकापासून कंबरेच्या खुणेपर्यंत टेप धरली. वहीत लिहिलं होतं, चव्वेचाळीस सेंटिमीटर. टेप सांगत होती, चव्वेचाळीस आणि वर जवळजवळ साडेचार एमएम.

"असं कसं?" ते स्वतःशीच म्हणाले. "सकाळी मीच तर खूण केली. चव्वेचाळीसवर. टेप नव्हती म्हणून खणातून स्केल..."

वाक्य तिथंच राहिलं.

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यातलं दोन फुटी स्केल उचललं आणि त्याला टेप लावून धरली. शून्याला शून्य. दहाला दहा जवळपास जुळत होते. चव्वेचाळीसला जुळत नव्हते. साठला तर सहा एमएमचं अंतर पडलं होतं.

"स्केल खोटं आहे?" तृप्तीताईंनी विचारलं.

"खोटंच असतं ते." बद्रुद्दीन मटकन स्टुलावर बसले. "बेटा, वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. शंभराला एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून आमचं स्केलच ताणून बनवलेलं असतं. हे खोटं बोलतं, म्हणून लोखंड खऱ्या मापाचं निघतं. अठ्ठावीस वर्षं माझ्या हाताला हेच खरं होतं. सकाळी हात खणात गेला, याच्यावर पडला, आणि मला काही वावगंच वाटलं नाही."

जहिदाबींनी स्केल उजेडात धरून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं.

बद्रुद्दीन स्केलकडे पाहत राहिले. मग पट्टीकडे. मग उठले आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत टेप ताणली. पूर्ण लांबी वहीत अठ्ठ्याहत्तर. टेपवर अठ्ठ्याहत्तर आणि वर आठ एमएम.

त्यांनी गॅस बंद केला.

"काय झालं?" दोघी एकदम म्हणाल्या.

"वळण चुकलेलं नाही. नुसतं पुढं सरकलंय," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, कुणाला उठवायचं नसावं तसा. "या स्केलनं कंबर साडेचार एमएम पुढं नेली, पण लांबी आठ जादा दिली. बुडाकडून साडेचार कापले तर कंबर जागेवर येते, आणि वरच्या टोकाला तरी साडेतीन उरतात, ते शेवटी छाटायचे."

नळीची गरज संपली होती. पण कापायचं ते टोक होतं तिसऱ्या पट्टीला मधोमध भिडणारं, सगळ्यात दिसणारं. जास्त कापलं तर तिथं कायमची फट. कमी कापलं तर कंबर पुन्हा अडणार.

त्यांनी टेपनं खूण केली. चष्मा पुसून तीच खूण पुन्हा मोजली. मग टेप तृप्तीताईंच्या हातात दिली, "तुम्ही बघा," म्हणाले, आणि तिनं मोजल्यावर जहिदाबींना दिली. तिघांचं एक आलं. तेव्हा त्यांनी पटाशी घेतली. चामड्यावर वीसेक वेळा ओढली. पट्टी ठोकळ्यावर ठेवली, पटाशी खुणेवर उभी केली.

"बिस्मिल्ला."

एकच दाब. साडेचार एमएमचा जांभळा तुकडा टेबलावर उडाला.

या खेपेला त्यांनी पट्टी कोरडी बसवली. फीत गुंडाळली, पाहिलं, सोडली. बुडाशी कागद सरकवून बघितला, शिरेना. कंबरेत पट्टी अशी जाऊन पडली की जणू तिथंच वाढली होती. उभ्या रेष्यात त्यांनी सुईच्या टोकानं पातळ गोंद सोडला आणि तो बोटानं निजवला. मगच खाचेत गोंद लावला. वेढा, दाब. वेढा, दाब. शेवटची गाठ मारली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"आता जेवता का?" जहिदाबी म्हणाल्या.

तिघं शेडमध्येच जेवली. गार झालेली डाळ, भाकरी, आणि सोमाला आवडायचं ते लोणचं. तृप्तीताई जायला उठल्या नाहीत. ऊन डोंगरावर चढेपर्यंत त्या गिटारीसमोर बसून राहिल्या आणि मधूनमधून विचारत राहिल्या, "सोडायची का?" बद्रुद्दीन मान हलवत, "अजून नाही."

संध्याकाळी, बत्ती लावायच्या आधी, त्यांनी फीत सोडली. पातीनं कड खरवडली. शिसवाचे कुरळे केस खाली पडत गेले आणि देवदाराच्या पिवळ्या फळीला काळाजांभळा काठ उमटला. त्यांनी धड उचलून तृप्तीताईंच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकले. हात पाठीमागं बांधले. कारखान्यात तपासनीसापुढं असेच उभे राहायचे.

तिनं डोळे मिटले आणि नख कडेवर टेकवलं. बुडापासून निघाली. सांधा आला आणि गेला, नख थांबलं नाही. फुगवटा. कंबर. तिथं नख अडकलं नाही, पण बोट क्षणभर घोटाळलं. तिनं डोळे उघडून पाहिलं. उभा राहून निजलेल्या त्या रेष्याची केसाएवढी फिकट रेघ तिथं होती.

"ही राहणार?"

"राहणार. लपवता येईल, पण लपवणार नाही. माझ्या घाईची आहे ती."

तिनं पुन्हा डोळे मिटले आणि उरलेली कड पुरी केली. मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून. जहिदाबी दाराला धरून उभ्या होत्या.

"पास," तृप्तीताई म्हणाल्या.

बद्रुद्दीननी खणातून एक कोरा कागद काढला, चौकोनी कापला. सतरा नंबराचा ठोकळाही खणातच होता, हात त्याच्याकडे गेला आणि मागं फिरला. त्यांनी पेन घेतलं. अक्षर लावायला वेळ लागला, कारण एवढ्या वर्षांत कामावर नाव लिहायची सवयच नव्हती. बद्रुद्दीन, चांदवड. थोडं थांबून खाली लिहिलं, लाकूड सोमाचं, पेठ.

जहिदाबींनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"आणि टेप कुणाची?" त्या म्हणाल्या. "ते नाही लिहिलंत."

बद्रुद्दीननी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. मग कागदाला गोंद लावला, गिटारीच्या गोल तोंडातून हात आत घातला आणि पाठीच्या फळीवर तो दाबून धरला. हात बराच वेळ बाहेर काढला नाही.